मृगाला घेणे, कार्तिकात विकणे: पडिकावरच्या बकऱ्यांचा हिशेब

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात रोहिणी संपत आल्या आणि मृगाची चाहूल लागली की आठवडी बाजारात बकऱ्यांची गर्दी अचानक वाढते. कपाशीचे बियाणे, डीएपी खताची पोती, ट्रॅक्टरच्या पाळ्यांचे पैसे, शाळा उघडताना लागणारी वह्या-दप्तरे ही सगळी देणी एकाच पंधरवड्यात दारात उभी राहतात, आणि ज्या घरी पीककर्ज वेळेवर हातात पडत नाही त्या घरची पहिली रोकड म्हणजे कोठ्यात बांधलेली बकरी असते. होळीच्या सुमारास व्यालेल्या बकऱ्यांची पिले तोवर तीन-साडेतीन महिन्यांची होऊन आईच्या दुधावरून उतरलेली असतात, घरच्या कुटाराचा, म्हणजे पिकाच्या भुश्शाचा, ढीगही तळाला गेलेला असतो, म्हणून माल पुष्कळ आणि गिऱ्हाईक थोडे अशी स्थिती होते. मी माझे बोकड याच दिवसांत घेतो. विकणाऱ्याच्या अडचणीतून मला भाव मिळतो ही गोष्ट मला नेहमी टोचते, म्हणून ओळखीच्या घरून घेताना मी दलालाला बाजूला ठेवतो आणि काट्यावर वजन करून पैसे मोजतो. रुमालाखाली बोटे धरून ठरणाऱ्या भावात घरच्या बाईला तिच्याच बकरीची किंमत कळत नाही, हे मी आईच्या वेळेपासून पाहत आलो आहे.

माझी जमीन नऊ एकर. त्यातली चार एकर काळी, तिच्यात कपाशी, सोयाबीन आणि तूर असते. उरलेली पाच एकर बरड आहे, जिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. या बरडात वडिलांनी कपाशी लावून पाहिली, मी सोयाबीन पेरून पाहिले, आणि प्रत्येक वेळी बियाण्याचे पैसेही जेमतेम निघाले. 2016 साली मी ती पाच एकर नांगरायची सोडून दिली, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर जे गवत उभे राहिले त्यातून हा धंदा सुचला. तेव्हापासून माझी रीत एकच आहे: गवत येण्याच्या सुमारास जनावर आणायचे आणि गवत वाळले की ते विकून दावण रिकामी करायची. बारमाही कळप मी ठेवत नाही. बंदिस्त शेळीपालनाचे मोठे गोठे आमच्या भागात किती थाटाने उभे राहिले आणि दोन-तीन उन्हाळ्यांत विकतच्या चाऱ्याखाली कसे दबून गेले, हे मी जवळून पाहिले आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 शेळ्या आणि 5 बोकडांच्या गटापासून 500 शेळ्या आणि 25 बोकडांपर्यंतच्या गटांना निम्मे अनुदान मिळते आणि ज्याच्याकडे पाणी, बागायती चारा आणि घरची माणसे आहेत त्याने ते अवश्य घ्यावे. परंतु कोरडवाहू माणसाला चैत्र-वैशाखात शंभर तोंडे पोसणे पेलत नाही, आणि आमच्यासारख्याच्या हंगामी धंद्याला बसेल अशी रचना त्या योजनेत नाही.

सुरुवातीला मी ईदेचा हिशेब धरला होता. 2016 साली बकरी ईद 13 सप्टेंबरला होती आणि 2017 साली 2 सप्टेंबरला. कुर्बानीचा बोकड वर्षाचा भरलेला आणि अंगाने निर्दोष लागतो, म्हणून मी तेव्हा जूनमध्ये दहा-अकरा महिन्यांचे बोकड घ्यायचो, पावसाळ्याचे गवत चारून त्यांचे अंग भरायचो आणि पोळा होताच विकून मोकळा व्हायचो. हा मेळ फार दिवस टिकणारा नव्हता. चांद्र वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी तेवढीच अलीकडे येते. 2020 साली ती 1 ऑगस्टला आली, 2023 साली 29 जूनला आणि 2025 साली 7 जूनला, म्हणजे गवताची काडी उगवण्याच्याही आधी. ज्यांनी ईदेसाठी म्हणून हिवाळ्यात बोकड घेऊन उन्हाळाभर ढेप आणि मका चारला, त्यांच्यापैकी काहींनी चांगले पैसे केले, परंतु तो वेगळा धंदा आहे. त्याला भांडवल वेगळे लागते आणि जोखीमही वेगळी असते. मी लहान बोकडांकडे वळलो. 2032-33 च्या सुमारास ईद मार्चमध्ये येईल, तेव्हा तूर-कपाशी निघालेल्या वावरांवर चरलेला बोकड तिला पुन्हा गाठू शकेल, आणि ते वर्ष मी आतापासून मनात धरून आहे.

घेताना मी आठ ते दहा किलोचा, बेरारी जातीचा बोकड पाहतो. आमच्याकडे उस्मानाबादीची हौस पुष्कळांना आहे आणि ती जात चांगलीच आहे, पण अमरावती, अकोला, वर्धा, नागपूर या पट्ट्यातच घडलेल्या बेरारीला इथला पाऊस आणि इथला पाला अंगवळणी पडलेला असतो. जनावर उभे करून मी आधी कमरेच्या मणक्यावरून अंगठा फिरवतो, मग शेपटीखाली हगवणीचे डाग पाहतो, आणि शेवटी डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहतो. निरोगी पिलाची पापणी आतून लालबुंद असते. फिकट गुलाबी असली तर विचार करावा लागतो, आणि ती पांढुरकी दिसली तर भाव कितीही उतरला तरी मी पुढे जातो. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हते. आमच्या गावात आयुष्यभर बकऱ्या राखलेले एक म्हातारे गोवारी मामा माझ्यासोबत बाजारात आले होते. मी एका टपोऱ्या पोटाच्या पिलावर हात ठेवला तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘भाऊ, हे आतून पोकळ हाय. पोट पाहू नोका, डोया पाहा.’’ त्यांनी मला दाखवलेली ही पापणी पुढे मला पशुवैद्यकाच्या तोंडूनही ऐकायला मिळाली, कारण दक्षिण आफ्रिकेतील पशुवैद्यकांनी पाच रंगछटांचा ‘फमाचा’ तक्ता याच खुणेवर बेतलेला आहे.

या धंद्यातला माझा सर्वांत मोठा फटका 2018 सालचा आहे. त्या वर्षी मी पाऊस पडून गेल्यावर, जूनच्या शेवटी, घाईने पंचवीस बोकड घेतले; गवत बोटभर वर आले होते आणि ते पाहून मला धीर धरवला नाही. आणल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उपाशीपोटी त्या कोवळ्या हिरवळीवर सोडले. पाचव्या दिवशी पहाटे कोठ्यात दोन बोकड पाय ताठ करून पडलेले होते, तिसरा मान मागे टाकून थरथरत होता आणि दुपारपर्यंत चौथाही गेला. चारही गेले ते कळपातले सर्वांत धष्टपुष्ट, सर्वांत हावरे. तालुक्याच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केले तेव्हा मूत्रपिंड बोटाने दाबताच लगद्यासारखे पसरले आणि त्यांनी आंत्रविषार असे निदान केले. या रोगाचे जंतू निरोगी जनावराच्या आतड्यातही थोडेफार असतातच. वाळल्या चाऱ्यावरचे जनावर एकाएकी कोवळ्या, पाणीदार गवतावर तुटून पडले की हे जंतू झपाट्याने वाढतात आणि त्यांचे विष काही तासांत जनावराला संपवते. लस मी टोचून घेतली होती, परंतु तीन दिवसांपूर्वीची. तिचा उपयोग व्हायला पंधरा दिवस आणि दुसरी मात्रा लागते, एवढी साधी गोष्ट मी विचारली नव्हती.

तेव्हापासून खरेदी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापुढे जात नाही. आणलेले बोकड चार दिवस विसावू द्यायचे, मग आंत्रविषाराची पहिली मात्रा, पंधरा दिवसांनी दुसरी, आणि मधल्या दिवसांत पीपीआर या साथीच्या रोगाची लस व जंताचे औषध, असा क्रम मी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवला आहे. हे तीन आठवडे त्यांना घरच्या जुन्या जनावरांपासून दूर ठेवून तुरीच्या कुटारावर आणि सुबाभळीच्या पाल्यावर काढावे लागतात. हा खर्च पुष्कळांना वाया गेल्यासारखा वाटतो. मला मात्र तो आता सगळ्या हंगामाचा पाया वाटतो, कारण 1 जुलैच्या सुमारास गवत वीतभर होते तेव्हा माझे जनावर त्याच्यासाठी तयार असते. तरीही पहिला आठवडा मी त्यांना कुटाराने पोट निम्मे भरल्याशिवाय सोडत नाही.

पावसाळ्यातला खरा शत्रू जंत. जठरात राहून रक्त पिणारा हिमोंकस नावाचा बारीक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त घेतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण पोटात असे हजार जंत असले तर दहा-बारा किलोच्या पिलाचे रोज 50 मिलिलिटर रक्त जाते आणि ते उभ्या उभ्या पांढरे पडते. लेंडीतून बाहेर पडलेल्या अंड्याची उबदार ओलीत आठवडाभरात अळी होते, ती दवाच्या थेंबांतून गवताच्या पात्यावर चढते आणि बुडाशी दोन-तीन इंचांतच बहुतेक करून राहते. या एका माहितीवर माझी चराई बांधलेली आहे. पाच एकरांचे मी आठ तुकडे केले आहेत, धनगरांच्या वाघरीसारखी दोरीची जाळी उभी करून एका तुकड्यात चार दिवस चारतो आणि अळी तयार व्हायच्या आत पुढच्या तुकड्यात सरकतो. पहिल्या तुकड्यावर परत येईपर्यंत महिना उलटतो, तोवर आमच्या उष्ण-दमट हवेत बहुतेक अळ्या उपाशी मरून जातात. गवत चार बोटांवर आले की उचलायचे, बुडापर्यंत खरडू द्यायचे नाही, आणि सकाळी दव उतरल्याशिवाय सोडायचे नाही. औषध मी दर महिन्याला सरसकट पाजत नाही. दर पंधरवड्याला पापण्या पाहून जे फिकट दिसतील त्यांनाच पाजतो, कारण सरसकट पाजणाऱ्यांच्या कळपात तेच औषध दोन-तीन वर्षांत लागू पडेनासे होते.

पापण्या पाहतो त्याच दिवशी वजनही करतो. बोरीच्या आडव्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगलेला आहे आणि बारदानाला चार पायांसाठी भोके पाडून झोळी केली आहे. बोकड तिच्यात लटकला की आधी तडफडतो, मग एकाएकी शांत होऊन आजूबाजूला पाहू लागतो, आणि तेवढ्या दोन क्षणांत काटा वाचून घ्यावा लागतो. वजने लिहून ठेवलेल्या वह्यांतून जी गोष्ट मला कळली ती अंदाजाने कधी कळली नसती. भरपूर गवताच्या जुलैत वाढ सर्वांत कमी असते, दिवसाला सरासरी 35 ग्रॅम, कारण बकरीला ओले अंग सोसत नाही, झडीत ती झाडाखाली अंग चोरून उभी राहते आणि चरण्याचे तास बुडतात. ऑगस्टमध्ये ती पन्नासच्या घरात जाते, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये 75 ते 80 ग्रॅमवर पोचते, नोव्हेंबरात पुन्हा साठावर उतरते आणि डिसेंबरात तिसावर येते. भादवा ते कार्तिक हेच कमाईचे दिवस. त्यानंतर ठेवलेला प्रत्येक आठवडा पदरचे खातो.

याचे कारण गवतात आहे. माझ्या बरडात पवन्या, मारवेल आणि शेडा आहे, उताराला कुसळी आहे आणि नाल्याकडे थोडी तिखाडी. तिखाडीला तेलाचा उग्र वास असल्याने बकरी तिला तोंड लावत नाही. बाकीची गवते फुलोऱ्यात येईपर्यंत सकस असतात आणि बी धरल्यावर त्यांचा कस झपाट्याने उतरतो. आमच्याकडे गवत दिवाळीनंतर पिवळे झाल्यावर कापायची चाल आहे, म्हणजे आपण काडी साठवतो. मी दोन तुकडे सप्टेंबरअखेर फुलोऱ्यातच कापून सावलीत वाळवतो. कुसळीचे तर वेळापत्रकच पाळावे लागते. ती कोवळी असताना जनावर आवडीने खाते, पण ऑक्टोबरात तिची कुसळे पिकली की ती भाल्यासारखी टोचतात. एकदा एक बोकड दोन दिवस नुसता लाळ गाळत उभा होता. तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले तर जिभेखाली आणि हिरडीच्या फटीत कुसळांचा जुडगा एकमेकांत पिळून रुतलेला होता. माझ्या बायकोने तो बोटांनी एक-एक करून उपसला, कोमट मिठाच्या पाण्याने तोंड धुतले आणि तिसऱ्या दिवशी तो चरायला लागला. तेव्हापासून उताराचे तुकडे दसऱ्याच्या आधी चारून संपवतो. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, रायमुनिया (घाणेरी) मी दरवर्षी मुळासकट खणून काढतो, कारण तिचा पाला यकृत खराब करतो आणि भुकेले जनावर तो खाऊन बसते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यापासूनही जपावे लागते, त्यात विष असते. शेजारच्या कपाशीत फवारणी झाली असेल तर त्या धुऱ्यावर मी पंधरा दिवस जात नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ती औषधे ज्या पानांवर बसतात त्यांच्या जवळ जनावर न्यायचे धाडस मला होत नाही.

मेंढीचा अनुभव माझ्याकडे थोडा आहे, तीन हंगामांचा. पहिल्या वेळी बोकडांसोबतच जूनमध्ये दहा दख्खनी कोकरे घेतली आणि काळ्या चिखलात त्यांचे खूर कुजले. मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवून-बुडवून मी थकलो. लोकरीत कुसळे शिरून कातडीपर्यंत गेली ती वेगळीच. मेंढी झाडपाला कमी खाते आणि जमिनीलगतचे गवत वेचून खाते, म्हणून तिची जागा पावसाळ्यातल्या चिखलात आणि कुसळीच्या उतारावर नाही, तर दसऱ्यानंतर वाफसा आलेल्या, सोयाबीन निघालेल्या वावरात आहे. तिथे सांडलेले दाणे, धुऱ्यावरचे गवत आणि तण एवढ्यावर कोकरू छान भरते. दाण्यावर मात्र पहिले दिवस थोडा वेळच सोडावे, नाहीतर पोट फुगते. बकऱ्यांचे क्षारमिश्रण मेंढ्यांना कधीच देऊ नये, कारण त्यातले तांबे मेंढीला मानवत नाही आणि हळूहळू साठून एके दिवशी तिला मारते.

आता पैशांचे. मागच्या हंगामात मी 30 बोकड घेतले, सरासरी साडेनऊ किलोचे, 3,600 रुपयांना एक, म्हणजे 1,08,000 रुपये. तुरीची चुनी आणि मक्याचा भरडा मिळून साडेसहाशे किलो खुराक लागला, त्याचे 15,600. लसी आणि औषधांचे 3,000, जाण्यायेण्याच्या गाडीचे 3,000, मीठ, चाटणविटा आणि जाळीची डागडुजी यांचे 2,000. दोन बोकड गेले, एक सर्पदंशाने आणि एक निमोनियाने. उरलेले 28 नोव्हेंबरअखेर सरासरी साडेअठरा किलोचे झाले आणि 400 रुपये किलोने 2,07,200 रुपये आले. खर्च 1,31,600 वजा जाता 75,600 उरतात, आणि इथवरचाच हिशेब सांगून लोक दुसऱ्याला या धंद्यात ओढतात. राखणाऱ्या माणसाची मजुरी त्यात धरलेली नसते. पाच महिने, महिन्याला 9,000 रुपये, म्हणजे 45,000 धरले की हातात 30,600 राहतात आणि एका बोकडामागे जेमतेम अकराशे. म्हणून आम्ही तीन घरांनी मिळून ऐंशी जनावरांमागे एक माणूस ठेवला आहे. माझ्या वाट्याला मजुरीचे 17,000 आले आणि 58,600 उरले. पाच एकर बरडाने मला कपाशीत इतके कधीच दिले नाहीत. ज्याला असे शेजारी नाहीत आणि ज्याच्या घरात दिवसभर जनावरांमागे फिरणारे कोणी नाही, त्याने तीस बोकडांचा कळप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदावर तीस बोकडांना पाच एकर पुरेसे दिसतात. प्रत्यक्षात निम्मे गवत जमिनीवर राखायचे म्हटले की कमी पडतात, आणि ती कमी पूर्वी गावाशेजारचे झुडपी जंगल भरून काढायचे. बोर, बाभूळ, हिवर, धावडा यांचा पाला म्हणजे बकरीचे खरे जेवण. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच आहे असा निर्णय दिला, आणि पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या तिथे जनावरे नेणाऱ्यांच्या मनात पुढे काय होणार ही धास्ती आहे. जंगल राहिले पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांच्या सरकारी कागदात, गावाच्या चराईची नोंद होती, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक चराईचा हक्कही मान्य केलेला आहे. ज्या ग्रामसभांनी तो अजून मागितलेला नाही त्यांनी तो मागावा, आणि मागताना किती जनावरे, कोणत्या महिन्यांत, कोणता भाग बंद ठेवून, हे स्वतःच लिहून द्यावे. आमच्या गावात त्या बैठकीला गोवारी आणि धनगर घरे आली, जमीनवाले फारसे आले नाहीत, याचे मला वाईट वाटले. बोर व्याघ्र प्रकल्प आमच्यापासून फार दूर नाही आणि बिबट्या तर नाल्यापर्यंत येतो, म्हणून झुडपीत गेलेला कळप सूर्य मावळायच्या आत परत आलाच पाहिजे, हा नियम आमच्या माणसाने एकदाही मोडलेला नाही.

विक्रीची वेळ मी गवतावरून ठरवतो, पण बाजाराचे दिवसही पाहावे लागतात. श्रावणात मटणाचा उठाव बसतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करीला तो एकदम उसळतो, नवरात्रात पुन्हा बसतो, दिवाळीनंतर भरतो आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांत आठवड्याचा बाजार अर्धा होतो. म्हणून माझे पंधरा-सोळा मोठे बोकड भाऊबीजेनंतरच्या बाजारांत जातात आणि उरलेले मार्गशीर्ष लागायच्या आत. भाव दहा-वीस रुपयांनी कमी आला तरी मी जनावर परत आणत नाही. एकदा 31 डिसेंबरच्या आशेने आठ बोकड ठेवले होते. महिन्याभरात त्यांचे वजन किलोभरही वाढले नाही आणि ढेपेचे बिल मात्र वाढले.

यंदा सगळे बोकड गेले आहेत. जाळ्या गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत, बरडात कुसळीचे बी गळून पडते आहे आणि तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत. तूर निघाली की कच्छकडचे रबारी आपल्या मेंढ्या आणि उंट घेऊन नेहमीप्रमाणे आमच्या शिवारात उतरतील. काळ्या वावरात खतासाठी चार रात्री मेंढ्या बसवायचे त्यांच्याशी दोन पोती ज्वारीवर ठरले आहे, आणि या वेळी मी त्यांच्याकडून दहा कोकरेही मागून ठेवली आहेत.